मागणीची लाट आणि द्राक्षाचा वाण : मर्लो व पिनो न्वारची कहाणी

एखाद्या वाणाला एकाएकी मागणी आली की भाव चढतो आणि भावामागोमाग लागवड वाढते. त्यानंतर गुणवत्तेचे काय होते, हे लाल वाइनच्या द्राक्षांत कॅलिफोर्नियाइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसले असेल.

नोव्हेंबर 1991 मध्ये अमेरिकेतील ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात, स्निग्ध आहार घेऊनही फ्रेंच लोकांत हृदयविकार कमी का, याची चर्चा झाली आणि त्याचे श्रेय लाल वाइनला देण्यात आले. (हा दावा पुढे वादग्रस्त ठरला, बाजार तेवढा थांबला नाही.) नवख्या ग्राहकास कॅबर्ने सोव्हिन्योंचा तुरटपणा जड जाई. मर्लो त्या मानाने मऊ. 1980 च्या दशकाच्या मध्यास काही हजार एकरांवर असलेली मर्लोची लागवड वीसेक वर्षांत सुमारे 50 हजार एकरांपर्यंत गेली. यातील बरीच लागवड उष्ण, सुपीक, सपाट जमिनींवर झाली. अशा जमिनीत वेल जोमाने वाढते व घडांची संख्या भरपूर मिळते. मात्र मण्यांतील रंग आणि स्वाद विरळ होतो, आम्लताही लवकर उतरते. स्वस्त मर्लो पाणचट असते, ही तक्रार निराधार नव्हती.

2004 साली ‘साइडवेज’ हा चित्रपट आला. त्याचा नायक मर्लोला साफ नकार देतो आणि पिनो न्वारचे गोडवे गातो. सोनोमा स्टेट विद्यापीठातील स्टीव्हन क्वेलार व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये विक्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मर्लोची घसरण प्रामुख्याने दहा डॉलरखालील बाटल्यांत आढळली. पोमेरोलच्या चिकण मातीतील पेत्र्यूस जवळजवळ संपूर्ण मर्लोचीच. तिच्या भावाला या चित्रपटाने धक्का बसला नाही.

आता पाळी पिनोची होती. हा वाण मुळातच अवघड आहे. साल पातळ, घड गच्च, त्यामुळे करडी बुरशी लवकर शिरते. डोळे लवकर फुटत असल्याने उशिराच्या थंडीत कोवळे फुटवे जळतात. थंड हवामान आणि मर्यादित उत्पादन याशिवाय त्याचा सुगंध टिकत नाही. तरीही मागणी पुरविण्यासाठी तो उष्ण भागांतही लावला गेला. अमेरिकी नियमांनुसार लेबलवर वाणाचे नाव देण्यास त्या वाणाचे 75 टक्के द्राक्ष पुरेसे असते. फिकट पिनोला उरलेल्या भागातून सिरासारख्या गडद वाणाचा रंग देता येतो, तोही कायदेशीरपणे.

फ्रान्समध्ये मात्र कायदाच मोडला गेला. लांगदोक भागातून अमेरिकेस पिनो म्हणून गेलेली वाइन प्रत्यक्षात मर्लो व सिराची होती. सुमारे 1 कोटी 80 लाख बाटल्यांच्या या प्रकरणात 2010 मध्ये कार्कासोनच्या न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरविले. त्या भागात पिकते त्याहून अधिक पिनो विकली जात असल्याचे हिशेबतपासणीत दिसले होते. ग्राहकांनी चव ओळखून तक्रार केल्याने हे उघडकीस आले नाही, ही बाब विशेष बोलकी आहे.

नाशिक परिसरातील वाइन द्राक्ष उत्पादकांना उलट्या लाटेचा अनुभव आहे. 2008 च्या मंदीनंतर वायनरींची खरेदी आटली, तेव्हा अनेकांनी बागा काढल्या. वाइनचे द्राक्ष लहान मण्यांचे व बियांचे. ते खाण्याच्या बाजारात चालत नाही. म्हणून वाण निवडण्यापूर्वी वायनरीशी होणाऱ्या करारात खरेदीची वर्षे, एकरी उत्पादनाची मर्यादा आणि साखर-आम्लतेचे निकष लिहून घ्यावेत. खुंट निरोगी असल्यास त्यावर दुसऱ्या वाणाचे कलम करता येते; त्यातही उत्पन्नाचा किमान एक हंगाम जातो.