सव्वावीस इंच आणि ओमचा भागाकार

व्होल्टेजला विद्युतप्रवाहाने भागले की रोध मिळतो, त्याच दोघांचा गुणाकार केला की शक्ती; दहावीच्या वर्गात हे पाठ असते. भागाकार सोपा आहे. अवघड होते ते भाज्य स्थिर ठेवणे, आणि पाठ्यपुस्तके नेमकी तीच हकिकत गाळतात.

कोलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या गेओर्ग ओमने १८२५ साली तारेची लांबी आणि प्रवाहातील घट यांचे नाते लॉगरिदमच्या सूत्रात मांडले. ते चुकले. व्होल्टाच्या विजेरीला तार जोडताच तिचा जोर उतरू लागे, त्यामुळे प्रवाहातील घट किती तारेमुळे आणि किती विजेरीमुळे, हे वेगळे करता येईना. भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाचा संपादक पोगेनडोर्फ याने त्याला तापविद्युत, म्हणजे दोन धातूंच्या सांध्यांतील तापमानाच्या फरकातून निघणारी वीज, वापरण्याचे सुचवले. झेबेकचा तो शोध तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचा होता.

जानेवारी १८२६ मध्ये ओमने बिस्मथ आणि तांबे यांचे दोन सांधे केले. एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळते आहे तोवर तापमानातला फरक हलत नाही, म्हणून विद्युतदाब, म्हणजे व्होल्टेजही, हलत नाही. तारेजवळ टांगलेली चुंबकसूची प्रवाहाने वळे. पीळ देऊन तिला मूळ जागी आणायला किती वळवावे लागते, ते प्रवाहाचे माप. सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा होत्या, २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत.

२ इंचांच्या तारेला ३२६.७५ हा आकडा आला, १३० इंचांच्या तारेला ४८.५. लांबी पासष्टपट झाली, पण प्रवाह सातव्या हिश्श्याच्याही खाली गेला नाही. ओमने यातून सूत्र काढले: प्रवाह म्हणजे ७२८५ भागिले (२०.२५ अधिक तारेची लांबी). सव्वावीस इंच हा उपकरणाचाच रोध, त्या तारेच्या लांबीत मोजलेला. या लेखात कुठला आकडा लक्षात ठेवावा, तर हा. भागाकारात मोजायचा रोध संपूर्ण परिपथाचा असतो, समोर दिसणाऱ्या तारेपुरता नव्हे.

१८२७ चे त्याचे पुस्तक जर्मनीत थंडपणे घेतले गेले. त्याने कोलोनची नोकरी सोडली आणि न्यूरेंबर्गला स्थिर पद मिळायला १८३३ उजाडले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले; घरच्यांपेक्षा परक्यांनी आधी ओळखले, असेच म्हणावे लागते.

शक्तीचा भाग इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ जूलचा. पाण्यात बुडवलेल्या तारांच्या वेटोळ्यांनी पाणी किती तापते हे मोजून त्याने १८४१ मध्ये दाखवले की उष्णता प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणल्याच्या प्रमाणात निघते. ओमचे सूत्र त्यात घातले की तीच शक्ती व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध अशीही लिहिता येते. २३० व्होल्टला २००० वॉट देणाऱ्या गिझरचा रोध सुमारे २६.५ ओहम. गावाकडे दाब १८० व्होल्टवर घसरला, तर शक्ती सुमारे १२२५ वॉट उरते. दाब बावीस टक्क्यांनी उतरला, तापवण्याचा वेग जवळजवळ एकोणचाळीस टक्क्यांनी.

टंगस्टनच्या जुन्या बल्बवर हाच हिशोब जपून करावा. ६० वॉटच्या बल्बमधून २३० व्होल्टला ०.२६ अँपिअर वाहतो, म्हणजे रोध सुमारे ८८० ओहम. तोच बल्ब थंड असताना मल्टिमीटरने तपासला तर त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आकडा दिसतो, कारण तापल्यावर टंगस्टनचा रोध वाढतो. म्हणून बटण दाबताच पहिल्या क्षणी प्रवाह कैक पटींनी उसळतो आणि थकलेली तार बहुधा तेव्हाच तुटते.