आठ दिवे लागले, पण पीळ कुठे गेला?

नव्या ऑफिसात नेटवर्कच्या केबल टाकून झाल्या की बहुतेक ठिकाणी त्यांची एकच परीक्षा होते. एक कारागीर रॅकपाशी टेस्टर धरून बसतो, दुसरा टेबलाखालच्या आय-ओला, म्हणजे नेटवर्कच्या सॉकेटला, त्याचा जोड-डबा लावतो. एक ते आठ दिवे ओळीने लुकलुकले की ‘चला, पुढचा’ अशी हाक जाते. मग फॉल्स सीलिंगच्या टाइल्स बसतात, रंगारी येतात आणि बिल निघतं. या परीक्षेतून एवढंच कळतं की तार कुठे तुटलेली नाही आणि इकडचा एक नंबर तिकडच्या एक नंबरला पोचतो. दाराच्या घंटीला तेवढं पुरेल. सेकंदाला शंभर कोटी बिट वाहून नेणाऱ्या केबलला ते पुरत नाही, कारण तिची सगळी करामत तांब्याइतकीच त्याच्या पिळात आहे आणि पीळ या दिव्यांना दिसत नाही.

दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याची युक्ती टेलिफोनच्या काळातली. ग्रॅहॅम बेल यांनी तिचं पेटंट १८८१ साली घेतलं. जोडीतल्या दोन तारांवर एकच सिग्नल उलटसुलट जातो आणि पलीकडचं यंत्र त्या दोघींतला फरक तेवढा वाचतं. शेजारच्या विजेच्या वायरीचा गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो, त्यामुळे फरक काढताना तो वजा होतो. केबलमधल्या चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम कमी-जास्त ठेवलेला असतो, नाहीतर त्या एकमेकींचंच बोलणं ऐकत बसतील. आता समजा, नवशिक्या कारागिराने रंग सरळ ओळीने लावले: केशरी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी. डोळ्यांना अगदी नीटनेटकं दिसतं. पण प्रमाण मांडणीत निळी जोडी चौथ्या-पाचव्या पिनवर मधोमध बसते आणि हिरवी तिच्या दोन्ही बाजूंना, तिसऱ्या व सहाव्या पिनवर. (मधली जागा निळीला मिळाली ती जुन्या टेलिफोनच्या वारशाने.) सरळ ओळीत लावल्यावर तीन-सहाचा सिग्नल एका हिरव्या आणि एका निळ्या तारेतून जातो, म्हणजे एकमेकींशी पिळल्याच नाहीत अशा दोन तारांमधून. दोन्ही टोकांना चूक तीच असल्याने आठही दिवे मात्र बरोबर लागतात. या दोषाला स्प्लिट पेअर म्हणतात.

‘पण नेट तर चालतंय ना?’ हा पहिला आक्षेप. चालतं, आणि खरी अडचण तीच आहे. बिघडलेलं पाकीट इथरनेट गुपचूप टाकून देतं, वरच्या थरातली यंत्रणा ते पुन्हा मागवते आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला फक्त ‘आज नेट स्लो आहे’ एवढंच जाणवतं. शंभर मेगाबिटला दोनच जोड्या लागत; १९९९ साली प्रमाणित झालेलं गिगाबिट चारही जोड्या वापरतं, तेही दोन्ही दिशांनी एकाच वेळी. एखादी जोडी लंगडी असेल तर काही यंत्रं मुकाट्याने शंभरावर उतरतात. दिवा तसाच हिरवा राहतो. दोष इंटरनेट कंपनीला लागतो, कॉम्प्युटरला लागतो, सीलिंगमधल्या केबलवर संशय शेवटी जातो.

दुसरा आक्षेप खरेदी विभागाचा: खोक्यावर ‘कॅट सिक्स’ छापलंय, मग तपासायचं काय? छापील शब्द कारखान्यातून निघालेल्या केबलबद्दल बोलतो, भिंतीत गेलेल्या केबलबद्दल नाही. ३०५ मीटरच्या खोक्यातून ती ओढताना ताण ११० न्यूटनच्या, म्हणजे साधारण अकरा किलोच्या ओझ्याच्या पुढे गेला की पीळ विस्कटतो. आय-ओमध्ये पंचिंग करताना, म्हणजे तारा खाचांत दाबून बसवताना, पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलायचा नसतो. घाईतला हात सहज दीड-दोन इंच उकलतो. प्लॅस्टिकचा टाय करकचून आवळला की केबल त्या जागी चेपते. शिवाय बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबलही मिळते, प्रमाणांना ती मान्य नाही तरीही. ब्लेडने तार खरवडली की तांबूस सालीखालचा पांढरा गाभा दिसतो. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणून कॅमेऱ्याला किंवा फोनला याच केबलमधून वीज द्यायची म्हटली की ती तापते आणि पलीकडे व्होल्टेज पुरत नाही.

खरी चाचणी करणारा सर्टिफायर प्रत्येक जोडीवर वाढत्या फ्रिक्वेन्सीचे सिग्नल सोडतो, कॅट सिक्ससाठी २५० मेगाहर्ट्झपर्यंत. सिग्नल किती क्षीण झाला, शेजारच्या जोडीत किती झिरपला, सांध्यावर आपटून किती परतला, हे तो दोन्ही टोकांकडून मोजतो. रॅकमधल्या पॅच पॅनलपासून आय-ओपर्यंतच्या, जास्तीत जास्त ९० मीटरच्या पक्क्या भागाचीच परीक्षा व्हायला हवी. पॅच कॉर्ड काय, उद्या बदलतात. हे यंत्र लाखांच्या घरातलं आहे, हा आक्षेप खरा आहे. पण ते भाड्याने मिळतं. आठ-दहा पॉइंटांच्या छोट्या ऑफिसाने सर्टिफायर आणू नये, हे मला मान्य आहे. स्प्लिट पेअर ओळखणारा टेस्टर तिथे चालेल. ‘सगळं वायफायवरच आहे’ हे मात्र पटत नाही. छताला टांगलेला वायफायचा डबा डेटाही केबलमधून घेतो आणि वीजही. तीस-चाळीस माणसांचा भार एका तारेवर आला, तर ती तार जास्त तपासायची की कमी?

तपासणी टाइल्स बसायच्या आधी व्हावी, कारण तेव्हा चुकलेला आय-ओ पुन्हा पंच करायला दहा मिनिटं लागतात. नंतर शिडी, धूळ आणि रात्रपाळी. रिपोर्ट पीडीएफमध्ये न घेता यंत्राची मूळ फाइल मागावी. एकच चांगला पॉइंट पुन्हा पुन्हा मोजून त्याला वेगवेगळे नंबर देता येतात. रिपोर्टमध्ये ओळीने पंधरा केबलची लांबी दशांशापर्यंत सारखी दिसली तर कंत्राटदाराला बसवून विचारावं. ‘पास’पुढे चांदणी असेल तर निकाल यंत्राच्या अचूकतेच्या काठावर आहे, असे पॉइंट वेगळे काढून पुन्हा पंच करून घ्यावेत. आणि रिपोर्टमधला नंबर, पॅच पॅनलवरचा नंबर आणि टेबलाखालच्या आय-ओवरचा नंबर एकच आहे, हे बिलावर सही करण्याआधी कुणीतरी वाकून पाहावं.