आधी महिना ठरवा, मग गुहागर

सातारा-सांगलीकडची माणसं कोकणात खायला जायचं म्हटलं की आधी जोडून आलेली सुट्टी बघतात, मग राहायची खोली. ताटात काय येणार, याचा विचार तिथं पोचल्यावर सुरू होतो. हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. किनाऱ्यावरचं ताट महिना ठरवतो, तिथी ठरवते आणि त्या दिवशी होडी बाहेर पडली की नाही यावर ते ठरतं.

उदाहरणासाठी गुहागर घेते, कारण आपल्याला ते खरोखर जवळचं आहे. कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असं गेलं की दीडशे किलोमीटरच्या आसपास समुद्र लागतो. जत-विट्याच्या लोकांना तर गुहागर-विजापूर महामार्ग दारातूनच नेतो. कोयनेचं पाणी वीज करून सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीत उतरतं आणि गुहागरच्या उत्तरेला दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. पाणी जातं त्या वाटेनं आपण मात्र क्वचित जातो. सुट्टी मिळाली की गोव्याकडे धावतो.

‘समुद्रकाठी मासा रोज ताजाच असतो’

सगळ्यांत पक्का गैरसमज हाच. दरवर्षी साधारण 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. अनेक माशांचा हा विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. बिगरयांत्रिक छोट्या होड्यांना मुभा असते, पण त्या लाटांत त्या किती आत जाणार? मग जूनच्या शेवटी ताटात सुरमईची जाड तुकडी येते ती कुठून? बहुधा शीतगृहातून, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून. तिकडची बंदी 15 एप्रिलपासून 14 जूनपर्यंत असते, म्हणजे आपला समुद्र बंद असताना तिकडचा उघडलेला असतो. तो मासा खाण्यात वाईट काही नाही. पण तो खायला घाट उतरायची गरज नाही, तो साताऱ्यातही मिळतो.

हंगामातही ‘ताजा’ म्हणजे काय, ते विचारून घ्यावं. मोठे ट्रॉलर कित्येक दिवस समुद्रात राहतात आणि मासा बर्फात ठेवून आणतात. छोट्या होड्या जाळं टाकून त्याच दिवशी परततात. दोन्ही मासे एकाच धक्क्यावर उतरतात. आणि बर्फातला म्हणजे शिळा, हाही गैरसमजच. पकडल्या क्षणापासून नीट बर्फात राहिलेला मासा, सकाळपासून उन्हात टोपलीत पडलेल्या माशापेक्षा केव्हाही चांगला. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोटानं दाबलेलं मांस लगेच वर येणारं, आणि वास समुद्राचा: एवढं बघितलं तरी पुरे.

गुहागर गाव म्हणजे लांबलचक पुळण, सुरूचं बन आणि नारळ-पोफळीची आगरं. ते मासळीचं मोठं बंदर नव्हे. मासळी उतरते ती वेलदूर, दाभोळ अशा ठिकाणी. मोठा लिलाव बघायचा असेल तर धोपाव्याहून फेरीबोटीत गाडी चढवून दाभोळला उतरावं आणि दापोलीमार्गे हर्णै गाठावं. तिथला संध्याकाळचा लिलाव बघायला एक दिवस राखून ठेवण्यासारखा आहे.

आता तिथीचं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी. उधाणात भरती जितकी वर चढते, तितकीच ओहोटी खाली जाते. प्रवाहात रोवून ठेवलेल्या डोल जाळ्याला पाण्याचा जोर लागतो, म्हणून भांगाच्या दिवसांत त्यात मासळी कमी येते. खडकावरची कालवं फोडणाऱ्या आणि वाळू-चिखलातून तिसऱ्या काढणाऱ्या बायका खोल ओहोटीची वाट बघतात. कालवांचं कालवण खायचं मनात असेल, तर घरातल्या कालनिर्णयात रविवार बघण्याआधी अमावास्या बघावी. गणपतीत आणि शिमग्याला अनेक होड्या किनाऱ्यावरच असतात. तो होडीवाल्यांचा सण आहे. आपली सुट्टी नेमकी तेव्हा आली म्हणून कोणी समुद्रात जाणार नाही, जाऊही नये.

‘पापलेट-सुरमई नाही तर थाळी कसली?’

रुपेरी पापलेटला 2023 मध्ये महाराष्ट्रानं राज्यमासा म्हणून घोषित केलं. त्यामागे कौतुक होतं तशी काळजीही होती: वाढ पूर्ण होण्याआधीच पिल्लं जाळ्यात येतात आणि पुढच्या वर्षीची वीण कमी होते. थाळीत तळहाताहून लहान पापलेट आलं, तर ते स्वस्त पडलं म्हणून खूश होऊ नये. पावसाळा संपल्यावर बांगडा मुबलक येतो. शिवाय मांदेली, तारली, बोंबील. किनाऱ्यावरच्या घरांत रोजच्या जेवणाला हेच मासे असतात. खानावळीत शिरताना ‘आज काय आलंय?’ एवढंच विचारावं आणि जे सांगतील ते खावं. पाहुण्यांनी मागितलं म्हणूनच बर्फाच्या पेटीतली सुरमई बाहेर निघते.

‘कोकणी जेवण म्हणजे मालवणी’

गुहागरहून मालवण रस्त्यानं दोनशे किलोमीटरहून लांब आहे. याहून कमी अंतरात आपल्याकडे कोल्हापुरी रश्श्याचा साताऱ्यापर्यंत पार वेगळा रस्सा होतो, मग कोकणानंच एकसारखं का रांधावं? बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ घालायची चाल दक्षिणेकडची, सिंधुदुर्ग-गोव्याची. आपण सुकं खोबरं भाजून वाटतो, गुहागरकडे ओला नारळ वाटतात. म्हणून रस्सा मवाळ लागतो. ‘झणका नाही’ अशी तक्रार करण्याआधी दोन घास शांतपणे खाऊन बघावेत. तिखटाखाली दबलेली माशाची चव तिथं पहिल्यांदा कळते.

याच गैरसमजाला लागून दुसरा येतो: मासे न खाणाऱ्यानं तिथं जाऊन करायचं काय? गुहागरच्या बाबतीत हा प्रश्न अगदीच चुकीचा आहे. व्याडेश्वराचं आणि दुर्गादेवीचं हे गाव चित्पावन घरांच्या रांधपासाठी ओळखलं जातं, आणि ते जेवण घरगुती खानावळींत मिळतं. फेब्रुवारी ते एप्रिल ओल्या काजूगरांची उसळ, त्याच सुमारास कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची भाजी. मे महिन्यात बरक्या फणसाच्या रसाची सांदणं, नारळाच्या दुधाबरोबर. बारा महिने कुळथाचं पिठलं, डाळिंबीची उसळ, केळफुलाची भाजी, घावन, आंबोळी. पावसात टाकळा, भारंगी, शेवळं या रानभाज्या. हळदीच्या पानातल्या पातोळ्या श्रावण-भाद्रपदातल्या, कारण हळदीची पानं तेव्हाच मोठी होतात. जानेवारीत त्यांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. उकडीचे मोदक मात्र आदल्या दिवशी सांगितले तर केव्हाही होतात.

म्हणजे मासेबंदीचे दोन महिने कोकणात खायला काही नसतं, असं नाही. ते महिने रानभाज्यांचे आहेत. अडचण फक्त रस्त्याची. जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं होतं, आणि अतिवृष्टीत घाटात दरडी येतात. हवामान खात्याचा इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा.

‘सोलकढी जितकी गुलाबी तितकी अस्सल’

उलट आहे. कोकमाचा आगळ, म्हणजे खारवलेला रस, नारळाच्या दुधात पडला की फिकट, किंचित जांभळट गुलाबी रंग येतो. भडक गुलाबी दिसली तर बीट किंवा रंग घातल्याची शंका घ्यावी. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. परतताना आमसुलं तिथूनच घ्यावीत. हापूससाठी एप्रिल-मे. ऑक्टोबरात रस्त्यावर ‘ताजा आमरस’ मिळाला, तर तो डब्यातला.

‘मासे खाल्लेत, आता मुलांना आइस्क्रीम नको’

मासे आणि दूध पोटात एकत्र आलं की अंगावर कोड उठतं, ही भीती आपल्याकडे घट्ट आहे. कोड होतं ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्यानं, बहुतेकदा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे. जेवणातल्या जोडीचा त्याच्याशी संबंध नाही. कोणाला माशाची किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी, ती जरूर सांभाळावी.

‘जाऊ तिथं जेवण मिळेल’

महामार्गावर मिळेल. घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून किती माणसं, मासे की शाकाहारी, हे सांगावं लागतं. बाजारहाट त्या आकड्यावर होतो. दुपारी तीनला पोचून दहा पानं मागणं म्हणजे त्या घरातल्या बाईला पुन्हा चुलीपुढे उभं करणं. सांगितलेली पानं ऐनवेळी रद्द करू नयेत, नारळ खवून झालेला असतो. माशाचा दर रोज बदलतो, तो आधी विचारण्यात संकोच नको.

‘मासा नीट शिजवला की काही होत नाही’

रविवारी परतताना डिकीत पिशवीभर बांगडे टाकून घाट चढणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं. बांगडा, तारली, कुपा यांसारखे मासे उबेत राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामीन तयार होतं, आणि ते तळून वा उकळून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर पित्त उठल्यासारखं होतं. म्हणून मासा साफ करून, थर्माकोलच्या पेटीत खाली-वर भरपूर बर्फ घालून आणावा, वितळलेलं पाणी निथळू द्यावं आणि घरी पोचताच फ्रीजमध्ये टाकावा. एवढी तयारी नसेल तर सुका मासा घ्यावा. चिपळूणच्या बाजारातून कुंभार्लीमार्गे देशावर माल चढायची वाट जुनीच आहे. एप्रिल-मेमध्ये उन्हात कडकडीत वाळलेले बोंबील, सोडे, सुकट मिळतात. हातात दमट लागला किंवा अंगावर गुलाबी-लालसर डाग दिसला, तर तो घेऊ नये.