लोडरचा सांगाडा का मोडतो?

भिलाईतील पावर हाउस हे स्थानक मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गाने प्रवास करणाऱ्यांच्या परिचयाचे आहे. या नगरातील पोलाद कारखाना सोव्हिएट रशियाच्या साहाय्याने उभारण्यात आला आणि त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. दल्ली-राजहराच्या खाणींतील खनिजापासून येथे लोहमार्गाचे रूळ, तुळया आणि जाड पत्रे तयार होतात. अशा पत्र्यांपासून पुढे ज्या असंख्य वस्तू घडविल्या जातात, त्यांपैकी एक म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या अंगास बसविण्याचा लोडर. दोन लांब भुजा, त्यांच्या टोकाशी बकेट, भुजा उचलणारे तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे आणि हे सर्व ट्रॅक्टरला जखडून ठेवणारा सांगाडा, एवढे त्याचे मुख्य भाग होत. वाळू, विटा, शेणखत उचलण्याच्या कामी तो दहा मजुरांचे श्रम वाचवितो.

परंतु असा सांगाडा पुष्कळदा एकाएकी मोडतो. नवल असे की, तो मोडतो त्या दिवशी बकेटमध्ये नेहमीएवढेच, किंबहुना थोडे कमीच वजन असते. मालक पोलादाला दोष देतो आणि अधिक जाड पत्रा लावून घेतो. काही महिन्यांनी सांगाडा पुन्हा मोडतो, कधी त्याच जागी, तर कधी वीतभर अंतरावर. दोष पोलादाचा नसेल, तर मग कोणाचा?

भार कोठून कोठे जातो?

प्रथम तरफेचा नियम आठवावा. समजा, ट्रॅक्टरच्या पुढच्या व मागच्या आसांमध्ये २ मीटर अंतर आहे आणि बकेटमधील ५०० किलोग्रॅम वाळू पुढच्या आसाच्या १.५ मीटर पुढे आहे. पुढचा आस हा येथे टेकू होतो. हिशेब केल्यास मागच्या आसावरील भार ३७५ किलोग्रॅमनी कमी होतो आणि पुढच्या आसावरील भार ५०० नव्हे, तर ८७५ किलोग्रॅमनी वाढतो. म्हणूनच लोडर लावलेल्या ट्रॅक्टरच्या मागे वजन जोडावे लागते.

बहुतेक ट्रॅक्टरांना मोटारलॉरीसारखी स्वतंत्र चासी नसते. इंजिन, क्लचची पेटी आणि गियरची पेटी हे बिडाचे भाग बोल्टांनी एकमेकांस जोडलेले असतात आणि तेच ट्रॅक्टरचा कणा होतात. बीड दाब चांगला सोसते, पण ताणाखाली ते ठिसूळ ठरते. लोडरचा सांगाडा केवळ मधल्या भागास अडकविला, तर भुजांची सर्व ओढ या बिडावर पडते आणि प्रसंगी पेटीच तडकते. जो सांगाडा मागच्या आसापर्यंत नेलेला असतो, तो ही ओढ स्वतः वाहून नेतो व कण्याला वाचवितो.

याखेरीज पीळही असतो. बकेटचा एकच कोपरा दगडाला अडला की एक भुजा वर राहू पाहते व दुसरी खाली जाते. त्यामुळे दोन्ही भुजांना जोडणारा आडवा भाग पिळला जातो. पुठ्ठ्याची एक नळी दोन्ही हातांनी पिळून पाहावी. ती सहज वळत नाही. नंतर तिला लांबीच्या दिशेने एक चीर द्यावी व पुन्हा पिळावे. पुठ्ठा तेवढाच असूनही नळी आता विनासायास वळते. आडव्या भागासाठी उघड्या पन्हळीपेक्षा बंद नळी का निवडतात, हे या प्रयोगावरून ध्यानात येईल.

धातूचा शिणवटा

एकदा वाकविल्याने न तुटणारी लोखंडी तार उलटसुलट वाकवीत राहिल्यास तुटते, हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. तार डोळ्यांना दिसेल इतकी वाकत नसली, तरी पुरेशा वेळा भार चढला-उतरला की हाच परिणाम घडू शकतो. या प्रकारास धातूचा शिणवटा म्हणतात. फ्रान्समधील व्हर्सायजवळ ८ मे १८४२ रोजी एका इंजिनाचा आस मोडून भीषण रेल्वे अपघात झाला आणि या प्रश्नाकडे अभियंत्यांचे लक्ष वेधले गेले. पुढे जर्मन अभियंता आउगुस्ट व्योलर याने रेल्वेच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून दाखविले की, एका खेपेत जो भार पोलाद सहज पेलते, त्याहून पुष्कळ कमी भारही वारंवार आल्यास ते मोडू शकते.

लोडर दिवसाला २०० वेळा उचलला व वर्षाकाठी ३०० दिवस चालविला, तर एका वर्षात ६०,००० वेळा भार चढतो आणि उतरतो. शिवाय भरलेले बकेट घेऊन ट्रॅक्टर खड्ड्यातून जाताना बसणारे हादरे निराळेच. एकाएकी पडलेला भार हळूहळू ठेवलेल्या भाराच्या दुप्पट ताण निर्माण करतो.

तडा कोठे सुरू होतो?

तडा बहुधा वेल्डिंगच्या कडेशी, छिद्राच्या काठाशी किंवा काटकोनी खाचेत जन्म घेतो, कारण तेथे ताण एकवटतो. वेल्ड केलेल्या सांध्याचे आयुष्य साधारणपणे ताणाच्या चढउताराच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ताण दुप्पट झाला की आयुष्य अष्टमांश होते. तो केवळ सव्वापट झाला तरी आयुष्य जवळजवळ निम्मे होते. याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, अधिक बळकट जातीचे पोलाद वापरल्याने अशा सांध्याचा शिणवटा सोसण्याचा गुण फारसा वाढत नाही. सांध्याचा आकार आणि वेल्डरचे कसब यांवरच तो मुख्यत्वे अवलंबून असतो.

मोडलेला भाग नीट पाहिला, तर तो आपली हकीकत स्वतःच सांगतो. त्याचा एक भाग गुळगुळीत असून त्यावर ओसरत्या लाटांनी वाळूवर काढाव्यात तशा वक्र रेषा दिसतात. तडा येथून हळूहळू पुढे सरकला. उरलेला भाग खडबडीत असतो. तो अखेरच्या क्षणी तुटला. गुळगुळीत भागावर गंज चढला असेल, तर तडा बरेच दिवस उघडा होता, असे समजावे.

दुरुस्तीचा विवेक

तड्यावर नुसते वेल्डिंग फिरविल्याने तो बुजत नाही, झाकला जातो. त्याचे टोक शोधून संपूर्ण तडा घासून काढावा आणि मगच जागा भरून घ्यावी. दमट कांडीने केलेल्या वेल्डिंगमध्ये हायड्रोजन शिरून नवे तडे पडू शकतात, म्हणून पावसाळ्यात कांड्या कोरड्या ठेवण्याची विशेष दक्षता घ्यावी. आधारासाठी पत्रा जोडावयाचा झाल्यास त्याची टोके निमुळती करावीत. पत्रा जेथे एकाएकी संपतो, तेथे लवचीक व ताठ भागांची गाठ पडून ताण एकवटतो. वीतभर अंतरावरील दुसऱ्या मोडीचे कारण बहुधा हेच असते.

आठवड्यातून एकदा सांगाडा धुऊन सांध्यांची पाहणी करावी. रंगाला गेलेली केसासारखी रेघ आणि तिच्यातून झिरपणारा तांबूस गंज ही पहिली सूचना होय. ती दिसताच काम थांबवून बकेट जमिनीवर टेकवावे. उचललेल्या बकेटखाली तर कोणीही, क्षणभरही उभे राहू नये. कारण तडा महिनोन्महिने सावकाश वाढतो, पण अखेरची मोड निमिषार्धात होते आणि तेवढ्या वेळात खालच्या माणसास बाजूला होता येत नाही.