शस्त्रक्रियेपूर्वी गर्भवतीच्या जठराची सोनोग्राफी

राजस्थानात २००५-०६ साली दर शंभर प्रसूतींपैकी जेमतेम तीस प्रसूती रुग्णालयात होत असत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे ९५ टक्के आढळले. २००५ साली सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेचा या बदलात मोठा वाटा आहे. माता रुग्णालयापर्यंत पोहोचू लागल्या. आता तेथील उपचार अधिक सुरक्षित कसे होतील, हा पुढचा प्रश्न आहे. सिझेरियनच्या वेळी दिली जाणारी भूल हा त्याचाच एक भाग होय.

जयपूरच्या सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले चांदपोल येथील जनाना रुग्णालय आणि सांगानेरी गेटजवळील महिला चिकित्सालय येथे आसपासच्या जिल्ह्यांतूनही स्त्रिया प्रसूतीसाठी येतात. कळा सुरू असताना दूरच्या गावाहून आलेल्या स्त्रीने शेवटचे काय व केव्हा खाल्ले, हे नेमके सांगता येईलच असे नाही. घरून निघताना दिलेले पेलाभर दूध खाण्यात मोजलेही जात नाही. भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने मात्र हीच माहिती महत्त्वाची असते.

धोका कशाचा?

पूर्ण भूल दिल्यावर खोकण्याची व गिळण्याची स्वाभाविक क्रिया थांबते. अशा वेळी जठरातील अन्न किंवा आम्ल वर येऊन श्वासमार्गात शिरल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होते, प्रसंगी प्राणही जातात. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी तपासून अशा ६६ घटनांचे वर्णन केले, तेव्हापासून हा धोका वैद्यकशास्त्राला स्पष्टपणे कळला. गरोदरपणात संप्रेरकांमुळे अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडते आणि वाढलेले गर्भाशय जठरावर दाब आणते. प्रत्यक्ष कळांच्या काळात जठर रिकामे होण्याची गतीही मंदावते.

म्हणूनच नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हलक्या आहारानंतर सहा तास व पाण्यासारख्या स्वच्छ द्रवानंतर दोन तास थांबण्याचा दंडक आहे. दुधाची गणना स्वच्छ द्रवात होत नाही. परंतु कळा देणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत केवळ घड्याळावर विसंबता येत नाही. सहा तासांनंतरही जठरात अन्न शिल्लक असू शकते.

तपासणी कशी होते?

येथे सोनोग्राफी उपयोगी पडते. नेहमीचा वक्र प्रोब छातीच्या हाडाखाली, पोटाच्या वरच्या भागावर उभा ठेवला असता यकृताचा डावा भाग व स्वादुपिंड यांच्यामध्ये जठराचा खालचा निमुळता भाग दिसतो. तपासणी प्रथम उताणे, किंचित टेकून बसवून व नंतर उजव्या कुशीवर केली जाते. कुशीवर वळल्यावर द्रव याच भागात साचतो. जठर रिकामे असल्यास हा भाग लहान व चपटा दिसतो. द्रव असल्यास तो फुगलेला व आतून काळा दिसतो, तर घन अन्न असल्यास पांढरट, असमान छाया उमटते. या भागाचे क्षेत्रफळ मोजून द्रवाच्या प्रमाणाचा अंदाजही बांधता येतो. शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे दीड मिलिलिटरपर्यंतचा स्वच्छ द्रव सामान्यतः उपाशीपोटीही आढळतो. त्याहून अधिक द्रव किंवा घन अन्न दिसल्यास पोट भरलेले समजावे.

तसे आढळल्यास, आणि शस्त्रक्रिया थांबवता येण्याजोगी असल्यास, ती पुढे ढकलता येते. अन्यथा स्त्री शुद्धीवर राहील अशी कण्यातील भूल, आम्लाची तीव्रता कमी करणारी औषधे, किंवा पूर्ण भूल अटळ असल्यास त्वरेने श्वासनलिकेत नळी घालण्याची पद्धत अवलंबिली जाते.

मर्यादा व कायदा

गर्भाशयामुळे जठर वर सरकलेले असल्याने शेवटच्या महिन्यांत चित्र मिळवणे अवघड जाते. त्यासाठी सरावाची गरज असते. बाळाचे ठोके मंदावले असता या तपासणीसाठी वेळ घालवणे योग्य नव्हे. चित्र स्पष्ट नसल्यास पोट भरलेलेच आहे असे मानून पुढे जावे, हा जुना नियम आजही खरा आहे.

आणखी एक बाब आपल्या देशापुरती विशेष आहे. २०११ च्या जनगणनेत राजस्थानात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे केवळ ८८८ मुली होत्या. लिंगनिवडीस प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आणि गर्भवतीच्या तपासणीची विहित नोंद बंधनकारक आहे. जठर पाहणाऱ्या भूलतज्ज्ञाच्या हातीही तेच यंत्र असते. त्यामुळे यंत्र नोंदणीकृत असणे, ते वापरणारी व्यक्ती पात्र असणे आणि तपासणीचे कारण कागदावर स्पष्ट असणे, या गोष्टी रुग्णालयाने आधीच निश्चित करावयास हव्यात. मुलीचा जन्म सुरक्षित ठेवणारा कायदा आणि मातेचा जीव सुरक्षित ठेवणारी तपासणी यांत विरोध नाही. दोहोंची सांगड मात्र काळजीपूर्वक घालावी लागेल.

मोठ्या रुग्णालयांत यंत्र बहुधा असतेच. उणीव असते ती प्रशिक्षणाची. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या भूलतज्ज्ञांना ही तपासणी शिकवल्यास त्यांच्याबरोबर ती जिल्हा रुग्णालयांपर्यंत जाईल. तोवर प्रसूतीसाठी निघालेल्या प्रत्येक कुटुंबाने एक साधी गोष्ट करावी: शेवटचे खाणेपिणे, चहा-दुधासकट, कोणते व किती वाजता झाले हे लक्षात ठेवून डॉक्टरांना न विसरता सांगावे.