पेढीची चिठ्ठी आणि नोकरीचे पत्र

नायगावसारख्या बाजारपेठेच्या गावात ओळख हीच मोठी ठेव असते. आडतीवर सोयाबीन, तूर घेऊन येणारा शेतकरी असो की नांदेडहून माल पाठविणारा ठोक व्यापारी, पहिला व्यवहार बहुधा कोणाच्या तरी शब्दावर होतो. साहजिकच घरातील मुलगा वा मुलगी पदवी घेऊन पुण्या-हैदराबादकडे नोकरी शोधू लागली, की वडिलांचा हात प्रथम फोनकडे जातो. ‘त्या कंपनीत आपले कोण आहे?’ हेतू मायेचा असतो. परंतु हाच फोन पुष्कळदा मुलांच्या वाटेतील धोंड ठरतो. जो स्वतःसाठी दोन ओळी लिहीत नाही, तो उद्या कंपनीचे काम कसे सांभाळील, अशी शंका निवड करणाऱ्याच्या मनात येते.

स्वतः लिहिलेल्या दोन ओळींचे बळ 1974 साली एका पोस्टकार्डाने दाखविले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढे लेखिका म्हणून ख्यातनाम झालेल्या सुधा मूर्ती, यांनी टेल्कोची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असे तीत म्हटले होते. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड पाठवून या भेदभावाबद्दल विचारणा केली. थोड्याच दिवसांत पुण्यात मुलाखतीस येण्याविषयी तार आली. तेथे त्यांना तांत्रिक प्रश्नांना रीतसर तोंड द्यावे लागले, आणि मगच नोकरी मिळाली. पत्राने दार उघडले. आत प्रवेश मिळाला तो गुणांवर. त्या कार्डात याचना नव्हती, नेमका मुद्दा होता.

आज पोस्टकार्डाची जागा ई-मेल आणि लिंक्डइनने घेतली आहे. मात्र लिहिण्यापूर्वी समोरचा कोण, हे ओळखावे. भरती सल्लागाराला मोबदला कंपनी देते. तो उमेदवारासाठी नोकरी शोधत नाही, जागेसाठी उमेदवार शोधतो. त्याला पद, अनुभव, अपेक्षित वेतन आणि रुजू होण्याची तारीख सरळ सांगावी. विभागप्रमुखाला मात्र आपल्या विभागाची अडचण कोण दूर करील, याची काळजी असते. त्याला आपण केलेले एखादे नेमके काम सांगावे. दुकानाचा जीएसटी हिशेब तीन वर्षे सांभाळला असेल, तर तो अनुभव लेखाविभागासाठी मोलाचा आहे. तो लपवू नये.

जाहिरातीत सांगितलेल्या मार्गाने अर्ज आधी करावा, मग पत्र लिहावे. विषयाच्या ओळीत पदाचे नाव द्यावे. नाव आणि हुद्दा अचूक लिहावा. मजकूर सात-आठ ओळींचा असावा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठविला, की तो लगेच ओळखू येतो. ‘फोन करू नये’ असे जाहिरातीत असेल, तर ते पाळावे. कोणाचा खासगी क्रमांक मिळाला म्हणून रात्री व्हॉट्सॲपवर संदेश धाडू नये. ओळखीच्या व्यक्तीचे नाव तिच्या परवानगीनेच लिहावे.

उत्तर न आल्यास आठ-दहा दिवसांनी एकदा नम्र आठवण द्यावी, त्यानंतर थांबावे. नकार आला तरी आभाराच्या दोन ओळी लिहाव्यात, कारण पुढची जागा त्याच टेबलावरून भरली जाऊ शकते. नोकरीसाठी ‘नोंदणी शुल्क’ वा ‘अनामत’ मागणाऱ्याशी मात्र तेथेच व्यवहार थांबवावा.

वडीलधाऱ्यांच्या ओळखीही वाया जात नाहीत. त्या कंपनीत काम कसे चालते, जागा खरोखर रिकामी आहे काय, एवढी माहिती त्यांनी जरूर मिळवून द्यावी. पत्र मात्र मुलाने वा मुलीने स्वतःच्या नावाने लिहावे. पेढीची साख वारशाने मिळते. नोकरीतील साख पहिल्या पत्रापासून स्वतःच उभी करावी लागते.