'हॅल्सिअन' म्हणजे नुसतं 'शांत' नव्हे



इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांत कधी कधी एक अनोळखी विशेषण भेटतं : हॅल्सिअन. स्पेलिंग एच-ए-एल-सी-वाय-ओ-एन. शब्दकोशात अर्थ सापडतो 'शांत, सुखाचा'. मूल तेवढंच पाठ करतं आणि 'हॅल्सिअन मुलगा' असं लिहून मोकळं होतं. इथंच गडबड होते.

हा शब्द माणसाला सहसा लावत नाहीत. तो लावतात काळाला. त्याचा नेहमीचा सोबती म्हणजे 'डेज'. 'हॅल्सिअन डेज ऑफ चाइल्डहूड' म्हणजे बालपणीचे निवांत, निर्धास्त दिवस. बहुतेक वेळा हे दिवस मागे पडलेले असतात आणि बोलणारा त्यांची आठवण काढत असतो.

मराठीत जवळ काय? 'सुगीचे दिवस' म्हणाल तर त्यात भरभराट आहे, निवांतपणा नाही. 'सुखाचे दिवस' जास्त जवळचं. पण मूळ शब्दात अजून एक गोष्ट दडलीय.

ग्रीक कथा अशी : वाऱ्यांच्या देवाची मुलगी अल्सिओनी. तिचा नवरा समुद्रातल्या वादळात बुडाला. तिनंही समुद्रात उडी घेतली. देवांना दया आली, त्यांनी दोघांचे पक्षी केले. ती अंडी उबवायची तेव्हा बाप वारे रोखून धरायचा. ऐन हिवाळ्यात, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आगेमागे, समुद्र १४ दिवस शांत राहतो असं जुने लोक मानत. तेच हॅल्सिअन दिवस. म्हणजे ही शांतता दोन वादळांच्या मधली आहे, बरं का!

आणि तो पक्षी कोणता? आपला खंड्या! जायकवाडीच्या कालव्याकाठी तारेवर बसतो तोच : तपकिरी डोकं, पांढरी छाती, निळी पाठ, लाल चोच. त्याचं शास्त्रीय नावच 'हॅल्सिअन स्मिर्नेन्सिस'. खरा खंड्या मात्र समुद्रावर घरटं करत नाही. ओढ्याच्या, नदीच्या मातीच्या दरडीत बीळ कोरून त्यात अंडी घालतो. मासे खातो, तसे नाकतोडे आणि सरडेही खातो.

वर्गात असं करून बघा. आधी खंड्या दाखवा, मग गोष्ट सांगा, शब्द शेवटी फळ्यावर लिहा. नंतर मुलांना घरी आजी-आजोबांना विचारायला सांगा, "तुमचे निवांत दिवस कोणते?" कुणी सांगेल, "७२ च्या दुष्काळाच्या आधीचे." कुणी सांगेल, "दुष्काळ सरल्यावरचे." दोन्ही उत्तरं बरोबर. ते दिवस खरंच तसे होते की आठवणीत तसे झाले, यावरही पोरांना बोलू द्या.

पालकांनो, आपलं मूल मराठी शाळेत आहे म्हणून इंग्रजीत मागं पडेल ही धास्ती सोडा. रोज दहा शब्द घोकण्यापेक्षा एका शब्दाची सोबत कळणं मोलाचं. आणि या शब्दाचा पक्षी तर आपल्याच शिवारात बसलाय.